नेव्हिगेशनने गुडघा बदलला तर रक्त खरंच कमी जातं का?

निफाड तालुक्यातल्या एका मुलाचा प्रश्न, थोडक्यात: आईचं वय ६४, वजन ५८ किलो. दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला फाकलेत, डावा जास्त. चार वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट टाकला, ऍस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत. हिमोग्लोबिन १०.२. नाशिकच्या एका रुग्णालयात सांगितलं की नेव्हिगेशनने, म्हणजे कॅमेरा आणि कॉम्प्युटरच्या मशिनने कोन मोजून करू, रक्त जवळजवळ जातच नाही. त्याचे पैसे वेगळे. दुसरे डॉक्टर साध्या पद्धतीने करायला तयार आहेत, पण रक्ताच्या दोन बाटल्यांची सोय करून ठेवा म्हणाले. घरचे 'दोन बाटल्या' ऐकूनच घाबरलेत. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या आत उरकायचंय, जमलं तर दोन्ही गुडघे एकदमच. जास्तीचे पैसे भरावेत का?

आधी माझी बाजू सांगतो. मी भूलतज्ज्ञ आहे. गुडघा बदलणारे सर्जन पायाशी असतात, मी डोक्याशी. मशिन असो वा नसो, माझी फी तीच. रक्त किती गेलं, रक्तदाब किती उतरला, पिशवी चढवायची की थांबायचं, हा हिशेब मात्र माझ्याकडे असतो. त्यामुळे उत्तर त्या बाजूने देतोय.

नेव्हिगेशनने रक्त काही प्रमाणात कमी जातं, हे खरं आहे. 'जातच नाही' हे खरं नाही. आणि तुमच्या आईच्या बाबतीत मशिनपेक्षा तो १०.२ चा आकडा जास्त महत्त्वाचा आहे. दोन्ही रुग्णालयांत त्याबद्दल कुणी काही बोललं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा बोललं नसावं.

आता मशिन रक्त कसं वाचवतं ते बघू. गुडघा बदलताना मांडीच्या हाडाचं खालचं टोक ठराविक कोनात कापावं लागतं. तो कोन खुब्याच्या मध्यावरून ठरतो, आणि खुबा तर कापडाखाली, मांसाखाली, न दिसणारा. साध्या पद्धतीत सर्जन गुडघ्याच्या बाजूने मांडीच्या हाडाला भोक पाडतात आणि हाडाच्या आतल्या मज्जेच्या पोकळीत एक लांब सळई सारतात. त्या सळईला कापायचा साचा अडकवतात आणि ५ ते ७ अंशांच्या अंदाजाने काप घेतात. हाडाची ही पोकळी म्हणजे रक्ताने भरलेली मऊ मज्जा. सळई आत गेली की मज्जा आणि चरबी दाबली जाते, थोडी रक्तवाहिन्यांत शिरते. सळई काढली की ते भोक झिरपत राहतं. चांगले सर्जन कापलेल्या हाडातलाच एक तुकडा घासून गोल करतात आणि बुच म्हणून त्या भोकात ठोकतात. हे काम दोन मिनिटांचं आहे, त्याला वेगळं बिल नाही, आणि झिरपणं त्याने बरंच आटोक्यात येतं.

नेव्हिगेशनमध्ये ही सळईच लागत नाही. मांडीच्या आणि नडगीच्या हाडात बारीक पिना बसवतात, त्यांवर चकाकत्या गोळ्यांची चौकट लावतात. टेबलाशेजारच्या स्टँडवरचा इन्फ्रारेड कॅमेरा त्या गोळ्या बघत असतो. सर्जन अख्खा पाय खुब्यात गोल गोल फिरवतात, त्यावरून कॉम्प्युटर खुब्याचा मध्य काढतो. मग टोकदार सुईने गुडघ्याचे आणि घोट्याचे ठरलेले बिंदू दाखवत जायचं. पडद्यावर पाय किती अंशांनी वाकडा आहे ते दिसतं, काप घेण्याआधी कोन दिसतो आणि घेतल्यावर तपासताही येतो. हाडाची पोकळी उघडलीच नाही, तर तिच्यातून रक्त येणारच नाही. सगळी बचत एवढ्याच गोष्टीची आहे. नडगीच्या बाजूला बरेच सर्जन साध्या पद्धतीतही सळई आत घालत नाहीत, बाहेरून पट्टी धरून काप घेतात. म्हणजे फरक मुख्यतः मांडीच्या हाडातल्या त्या एका भोकाचा.

ही पद्धत काही कालची नाही. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे १९९७ मध्ये पहिला गुडघा अशा रीतीने बदलला गेला. रक्ताबद्दलचा जो अभ्यास वारंवार सांगितला जातो तो २००५ चा, ऑस्ट्रेलियातला, ६० रुग्णांचा. साध्या गटात सरासरी १७४७ मिली रक्त गेलं, नेव्हिगेशनच्या गटात १३५१ मिली. जवळपास ४०० मिलीचा फरक, एका पिशवीपेक्षा जास्त. माहितीपत्रकावर छापायला छान. पण दुसरा आकडा पुन्हा वाचा. नेव्हिगेशन करूनही तेराशे मिली गेलंच होतं. आणि त्या काळी ट्रॅनेक्झॅमिक ऍसिड हे रक्तस्राव कमी करणारं इंजेक्शन गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये सर्रास दिलं जात नव्हतं. आज ते बहुतेक ठिकाणी दिलं जातं, त्यामुळे दोन्ही पद्धतींत रक्त मुळातच कमी जातं आणि त्या ४०० मिलीचा फरकही आक्रसतो.

'रक्त जातच नाही' हा समज कुठून येतो तेही सांगतो. ऑपरेशनचा व्हिडिओ दाखवतात, त्यात गुडघा कोरडा ठणठणीत दिसतो. तो मशिनचा प्रताप नसतो. मांडीला हवेचा पट्टा, म्हणजे टूर्निके, आवळलेला असतो. त्यात २५० ते ३०० मिमी दाब असताना पायात रक्त उतरतच नाही. साध्या ऑपरेशनचा व्हिडिओही इतकाच कोरडा दिसेल. पट्टा सोडल्यावर माझ्या पडद्यावर रक्तदाब थोडा उतरतो, श्वासातला कार्बन डायऑक्साइड वर जातो, आणि खरा रक्तस्राव त्यानंतर सुरू होतो. तोवर कॅमेरा बंद झालेला असतो.

त्यातलंही अर्धं रक्त कुणाच्या नजरेस पडत नाही. ते ड्रेसिंगमध्ये येत नाही, जखमेतल्या नळीच्या बाटलीत येत नाही. सांध्यात आणि मांडीच्या मांसात मुरतं. याला लपलेला रक्तस्राव म्हणतात. २००० नंतरच्या अभ्यासांत तो मोजला गेला तेव्हा एकूण दीड लिटरातलं निम्मं रक्त असंच 'हरवलेलं' निघालं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मांडी आणि पोटरी काळीनिळी पडते, नातेवाईक घाबरून फोन करतात, ते हेच रक्त. म्हणून 'ऑपरेशनमध्ये फक्त शंभर मिली गेलं' असं कुणी सांगितलं, तर ते खोटं बोलत नसतात, पण अर्धवट बोलत असतात.

आता तुमच्या आईचा हिशेब मांडतो. बाईच्या अंगात किलोमागे साधारण ६५ मिली रक्त धरतात. ५८ किलोला पावणेचार लिटर. समजा एकूण एक लिटर रक्त गेलं, दिसणारं आणि लपलेलं मिळून. हिमोग्लोबिन १०.२ वरून ७.८ च्या आसपास येईल. समजा रक्त कमी गेलं, ७०० मिली. मग साडेआठच्या आसपास थांबेल. आता तिसरी शक्यता बघा. ऑपरेशनच्या आधी हिमोग्लोबिन १२.२ करून घेतलं आणि तरी पूर्ण एक लिटर गेलं, तर ते ९.३ वर थांबतं. म्हणजे आधी रक्त वाढवून साध्या पद्धतीने केलेलं ऑपरेशन, हे १०.२ वर घाईने केलेल्या महागड्या ऑपरेशनपेक्षा तुमच्या आईला सुरक्षित ठेवतं. रक्त वाढवलं आणि ७०० मिलीच गेलं, तर ती १० च्या वर राहते. मग बाटल्यांचा विषय जवळजवळ संपतो.

हा हिशेब कागदावरचा आहे, माणूस थोडा इकडेतिकडे होतो. पण मला निर्णय घ्यायचा असतो तो साधारण ८ या रेषेवर. हृदयाचा आजार असलेल्या ऑर्थोपेडिक रुग्णाला हिमोग्लोबिन ८ च्या खाली गेलं किंवा त्रास होऊ लागला की रक्त द्यावं, असा आजचा रिवाज आहे. त्यामागे २०११ चा एक मोठा अभ्यास आहे. खुब्याच्या फ्रॅक्चरच्या, हृदयाचा आजार किंवा त्याचा धोका असलेल्या रुग्णांत १० वर रक्त देणं आणि ८ पर्यंत थांबणं, दोन्हींचा निकाल सारखाच आला. तुमची आई आज जिथे आहे तिथून ती रेषा फार जवळ आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी दोन बाटल्या सांगितल्या त्या म्हणूनच. ते तुम्हाला घाबरवत नव्हते, आकडा बघून बोलत होते.

मग १०.२ का आहे? इथे जरा थांबतो, कारण आपल्याकडे बाईचं रक्त कमी असणं इतकं अंगवळणी पडलंय की कुणी कारणच शोधत नाही. 'बायकांचं असतंच कमी' म्हणतात आणि लोहाच्या गोळ्या लिहून मोकळे होतात. पाळी थांबून दहा-पंधरा वर्षं झालेल्या बाईचं रक्त विनाकारण कमी होत नाही. गुडघे दुखतात म्हणून वर्षानुवर्षं मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून खाल्ल्या, त्यात ऍस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. पोटातून थोडं थोडं रक्त जात असणं अगदी शक्य आहे. काळी, डांबरासारखी शी होते का, आईला विचारा; ती आपणहून सांगणार नाही. शौचातलं रक्त तपासा. फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी-१२ आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) करून घ्या. माळकरी, शाकाहारी घर असेल तर बी-१२ कमी निघण्याची शक्यता बरीच असते. हा सगळा खर्च मशिनच्या पैशांपुढे किरकोळ आहे. पोटातला व्रण ऑपरेशननंतर रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर उघडा पडला, तर गुडघा बाजूला राहील.

फेरिटिन ३० च्या खाली आलं तर लोहाची कमतरता पक्की. सूज किंवा जुना आजार असेल तर १०० च्या आतलं फेरिटिनही संशयास्पद धरतात. लोह कमी आहे आणि तारीख जवळ आहे, तर शिरेतून फेरिक कार्बोक्सीमाल्टोज हे लोहाचं औषध देतात, एका वेळी १००० मिलिग्रॅमपर्यंत. साधारण तीन-चार आठवड्यांत आकडा हलतो. गोळ्यांनीही होतं, पण वेळ जास्त लागतो, आणि गोळी घेऊन लगेच चहा प्यायला तर उपयोग अर्धा. लोह पुरेसं आहे, तरी पेशी लहान आहेत असं आलं, तर हिमोग्लोबिनची वेगळी तपासणी करावी लागते. त्यात रुग्ण थॅलेसेमिया किंवा सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारांचा वाहक आहे का ते कळतं. सुरगाणा, पेठ, कळवण भागातून आलेल्या रुग्णाला मी सिकलसेलबद्दल विचारतोच, कारण तो आजार असेल तर टूर्निके बांधायचा की नाही इथपासून विचार करावा लागतो.

तुम्हाला छाटणीच्या आधी करायचंय, ठीक. पण गुडघा हे घाईचं ऑपरेशन नाही. सहा-सात आठवडे मिळत असतील तर ते रक्त वाढवण्यात घालवा. नाही वाढलं, तर द्राक्षं उतरल्यावर करा. बागेचं वेळापत्रक सांभाळायला घरात माणसं आहेत. आईचं हिमोग्लोबिन मात्र कुणी सांभाळलेलं दिसत नाही.

ट्रॅनेक्झॅमिक ऍसिडबद्दल. जपानमधल्या ओकामोतो दांपत्याने १९६२ च्या सुमारास शोधलेलं हे औषध. पाळीत फार रक्त जातं म्हणून बऱ्याच बायकांनी त्याच्या गोळ्या खाल्लेल्या असतात. रक्ताची गाठ बनली की शरीर ती विरघळवायला लागतं. हे औषध ते विरघळणं लांबवतं. काप घेण्याआधी शिरेतून साधारण एक ग्रॅम, पुढे गरजेनुसार आणखी एक डोस. काही सर्जन सांध्यातही सोडतात. गुडघ्याच्या ऑपरेशनमधलं रक्त वाचवणारी गोष्ट एकच निवडायची झाली, तर मी हे इंजेक्शन निवडीन, आणि ते मशिनच्या भाड्यापुढे चिल्लर आहे. वरच्या हिशेबातला एक लिटर ते ७०० मिली हा फरक मला याच्याकडूनच अपेक्षित असतो. जुना, स्थिर स्टेंट असणाऱ्यांनाही विचार करून देता येतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी करतात. फिट येत असतील किंवा नुकतीच कुठे रक्ताची गाठ झाली असेल तर आधी सांगा.

दोन्ही रुग्णालयांत एवढंच विचारा: "ट्रॅनेक्झॅमिक देता का, आणि कसं?" उत्तर ठाम आलं, तर तिथे रक्ताचा विचार झालेला आहे. उत्तर 'मशिन आहे ना' असं आलं, तर तुम्हीच काय ते समजा.

माझ्या बाजूच्या दोन गोष्टी. गुडघ्यासाठी मी शक्यतो कमरेतून भूल देतो. संपूर्ण भुलीपेक्षा त्यात रक्त थोडं कमी जातं. पण क्लोपिडोग्रेल चालू असताना कमरेत सुई घालता येत नाही, मणक्यात रक्तस्राव होऊ शकतो. ते ५ ते ७ दिवस आधी थांबवावं लागतं. ऍस्पिरिन मात्र स्टेंटवाल्यांना बहुधा चालूच ठेवतात, त्याने सुई अडत नाही. थांबवायचं काय आणि कधी, हे स्टेंट टाकणाऱ्या किंवा आता तपासणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांकडून लिहून आणा. शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून किंवा ऑपरेशनच्या भीतीने स्वतःहून दोन्ही गोळ्या बंद करू नका. दुसरी गोष्ट ऐकायला फालतू वाटेल. थिएटरचा एसी कडक असतो, आणि रुग्ण गार पडला की रक्त गोठायची क्रिया मंदावते. गरम हवेचं पांघरूण बघून नातेवाईकांना ती चैन वाटते. ती चैन नाही.

तर मग मशिन कुणासाठी? माझ्या मते वाकड्या हाडासाठी. आपल्याकडे बऱ्याच रुग्णांचं मांडीचं हाडच कमानदार असतं. वाकड्या पाइपात सरळ सळई घातली तर ती मध्येच अडते आणि कोन चुकवते. मांडीचं जुनं फ्रॅक्चर वाकडं जुळलंय, आत रॉड किंवा प्लेट आहे, किंवा त्याच बाजूचा खुबा बदललेला आहे, तर सळई घालायला जागाच नसते. तिथे नेव्हिगेशनचा खरा उपयोग आहे. आईच्या दोन्ही पायांचा खुब्यापासून घोट्यापर्यंतचा, उभ्याने काढलेला लांब एक्स-रे झालाय का? नसेल तर आधी तो काढा. मांडीचं हाड कमानदार निघालं तर पैसे भरायला माझी हरकत नाही. मग ते पाय सरळ व्हावा म्हणून भरा, रक्त हा वरचा फायदा. हाड सरळ असेल आणि सर्जनचा हात साध्या पद्धतीवर बसलेला असेल, तर अनुभवी हाताकडून साधंच करून घ्या.

मशिनला स्वतःचा खर्च आहेच, पैशांपलीकडचा. पिनांची भोकं हाडात राहतात. हाड ठिसूळ असेल तर क्वचित तिथून फ्रॅक्चर होतं. वेळही थोडा जास्त लागतो, आणि नवशिक्या टीमच्या हातात बराच. रोबोटबद्दल विचाराल म्हणून सांगतो: त्यातही बहुधा पिनाच असतात आणि पोकळी उघडत नाहीत, म्हणजे रक्ताच्या बाबतीत रोबोट आणि नेव्हिगेशन एकाच पंगतीत.

पैशांचं थोडक्यात. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये कमाल मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमच्या नेहमीच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये आणि वर कर. मशिनचं भाडं, पिना, ट्रॅकर हे त्या मर्यादेत येत नाही. म्हणून खर्चाचा अंदाज 'पॅकेज' म्हणून घेऊ नका, सांधा वेगळा, मशिन वेगळं, असा फोडून लिहून घ्या. विमा असेल तर रोबोटिक शस्त्रक्रियेला पॉलिसीत वेगळी मर्यादा आहे का तेही बघा, नाहीतर डिस्चार्जच्या दिवशी कळतं.

दोन्ही गुडघे एकदम? नको. स्टेंट आहे, वजन ५८ आहे, हिमोग्लोबिन १०.२ आहे. दोन्ही पायांतून मिळून जाणारं रक्त या बाईने सोसावं असा आग्रह मी धरणार नाही, मशिन कितीही भारी असलं तरी. आधी डावा करा. तो चालता झाला आणि रक्त भरून आलं की उजवा. भाडं दोनदा पडेल, सुट्ट्या दोनदा लागतील, हे कळतंय.

ऑपरेशन झाल्यावरचं एक सांगून थांबतो. हिमोग्लोबिन त्याच संध्याकाळी तपासून 'छान आहे' म्हणतात, पण तो आकडा फसवा असतो. सर्वांत खाली ते दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान जातं, आणि हल्ली तोवर रुग्ण घरी पोचलेला असतो. निफाडला गेल्यावर तिसऱ्या दिवशी जवळच्या लॅबमध्ये एकदा तपासून आकडा सर्जनना कळवा. मांडी काळीनिळी पडली तर घाबरू नका. पण उठताना डोळ्यांपुढे अंधारी, बसल्या जागी धडधड, छातीत भरून येणं, शी काळी होणं, किंवा पोटरी टणक होऊन एकाच पायाची सूज वाढत जाणं, यातलं काहीही दिसलं तर फोनवर सल्ला विचारत बसू नका, गाडी काढा आणि रुग्णालयात या.